डॉ. झाकिर हुसेन : दोन्ही आधार गेले, तरी शाळा सुटली नाही

वर्गात झाकिर हुसेन हे नाव घेतलं की मुलांच्या डोळ्यांपुढे तबला येतो. त्यात मुलांची चूक नाही. तबलानवाज उस्ताद झाकिर हुसेन यांनी ते नाव साऱ्या जगात पोहोचवलं. पण त्याच नावाचे आणखी एक बुजुर्ग होऊन गेले. ते भारताचे तिसरे राष्ट्रपती होते, आणि या पदावर बसलेले पहिले मुसलमान. सामान्य ज्ञानाच्या पुस्तकात त्यांच्याबद्दल एक ओळ असते आणि मुलं ती पाठ करतात. त्या ओळीत नसलेली एक गोष्ट आज आम्हाला सांगायची आहे. झाकिर दहा वर्षांचा होता तेव्हा वालिद गेले. चौदाव्या वर्षी वालिदाही गेल्या. तरीही तो मॅट्रिक झाला.

हे कसं जमलं? आम्ही शिक्षक मंडळी हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो, कारण आमच्या वर्गांतून दरवर्षी अशीच मुलं गळतात. घरावर मोठं संकट आलं की पहिली कुऱ्हाड शाळेवर पडते. झाकिरच्या बाबतीत ती पडली नाही. ती का पडली नाही, हे नीट समजून घेतलं तर आपल्या घरातली, मोहल्ल्यातली एक-दोन मुलं वाचतील.

हैदराबादचं भरलेलं घर

झाकिर हुसेन यांचं घराणं अफ्रिदी पठाणांचं. पूर्वज सरहद्दीकडून येऊन उत्तर प्रदेशातल्या फर्रुखाबाद जिल्ह्यात कायमगंजला स्थिरावले. घराण्यात फौजेतल्या नोकरीची परंपरा होती. वडील फिदा हुसेन खान यांनी मात्र वेगळी वाट धरली. कायदा शिकून ते निजामाच्या हैदराबादला गेले. तिथे वकिलीत त्यांचा चांगला जम बसला, आणि कायद्याची पुस्तकं व नियतकालिक छापण्याचं कामही त्यांनी सुरू केलं. पैसा आला, घर झालं.

त्याच घरात ८ फेब्रुवारी १८९७ रोजी झाकिरचा जन्म झाला. सात भावांत हा तिसरा. कुराण, उर्दू, फारसी आणि थोडी इंग्रजी शिकवायला उस्ताद घरीच येत. नोकरचाकर होते, पुस्तकं होती. लाडात वाढलेल्या वकिलाच्या मुलाचं असतं तसंच हे बालपण होतं.

मग क्षय आला. त्या काळी क्षयावर औषध नव्हतं. १९०७ साली फिदा हुसेन खान वारले, तेव्हा त्यांनी चाळिशीही गाठली नव्हती. मागे राहिल्या नाजनीन बेगम आणि त्यांची मुलं. नाजनीन बेगम मुलांना घेऊन हैदराबादहून कायमगंजला परतल्या.

कागदावर ही दोन-तीन वाक्यं होतात. पण दहा वर्षांच्या मुलासाठी याचा अर्थ काय होतो, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना ठाऊक आहे. गाव बदलतं, बोली बदलते, घर बदलतं, दोस्त सुटतात. आई तीच असते, पण पूर्वीसारखी राहत नाही. आमच्या शाळांमध्ये असं मूल आलं की ते मागच्या बाकावर बसतं आणि कुणाशी बोलत नाही. शिक्षक समजतात, पोरगा मठ्ठ आहे.

इटावाचं वसतिगृह

नाजनीन बेगमनी मुलांना घरात ठेवलं नाही. त्यांनी झाकिरला इटावाच्या इस्लामिया हायस्कूलमध्ये घातलं, वसतिगृहासह. विधवा आईने मुलाला डोळ्यांपुढून दूर पाठवणं सोपं नसतं. आजूबाजूचे लोक बोलतात. मोठ्या मुलांना कामाला लाव, जमीनजुमला बघू दे, असं सांगणारे तेव्हाही असतीलच. पण त्यांनी शाळा निवडली.

शाळाही चांगली मिळाली. मौलवी बशिरुद्दीन यांनी ती उभी केली होती. मौलवीसाहेब साधेपणाचे कट्टर पुरस्कर्ते होते. जाडेभरडे कपडे, साधं जेवण, पाच वक्त नमाज आणि वेळेवर अभ्यास, अशी तिथली शिस्त होती. श्रीमंताचा मुलगा आणि गरिबाचा मुलगा एकाच सतरंजीवर. वकिलाच्या घरातून आलेल्या झाकिरला सुरुवातीला हे जड गेलं असेल. पण पुढे आयुष्यभर त्यांची राहणी साधी राहिली, तिची मुळं इथली आहेत.

मुख्याध्यापक होते सय्यद अल्ताफ हुसेन. त्यांनी या मुलाला ओळखलं. ओळखलं म्हणजे हजेरीपुस्तकातलं नाव ओळखलं असं नव्हे. त्याला बोलतं केलं, वादविवादात उभं केलं, वाचायला लावलं. झाकिर शाळेतला उत्तम वक्ता झाला. त्रिपोली आणि बाल्कनच्या लढायांचे ते दिवस होते आणि तुर्कस्तानच्या बातम्यांसाठी सगळे बेचैन असायचे. झाकिर स्टेशनवर जाऊन गाडीने येणारं वर्तमानपत्र आणायचा आणि इतरांना वाचून दाखवायचा. तुर्कांच्या मदतीसाठी त्याने वर्गणीही गोळा केली. यतीम म्हणून ज्याच्याकडे कीव करून बघितलं जायचं, त्याच मुलाची आता इतर मुलं वाट बघू लागली होती. आमच्या पेशात आम्ही एक गोष्ट शिकलो आहोत : ज्या मुलाची शाळेत कुणीतरी वाट बघतं, ते मूल सहसा शाळा सोडत नाही.

सुट्टीत कायमगंजला आला की त्याला आणखी एक माणूस भेटायचा, हसन शाह नावाचे एक सूफी बुजुर्ग. त्यांना पुस्तकांचं वेड होतं. पुस्तकं गोळा करत त्यांची भटकंती चालायची. जे पुस्तक विकत घेणं शक्य नसायचं त्याची नक्कल करून घ्यायचे, आणि नक्कल करायचं काम झाकिरकडे यायचं. तासन्‌तास बसून दुसऱ्याचं पुस्तक स्वच्छ अक्षरात उतरवून काढताना त्या मुलाला इल्म आणि सब्र दोन्ही मिळत गेले. त्यांचं सुंदर हस्ताक्षर आणि खुशखतीचा शौक शेवटपर्यंत टिकला.

प्लेगचं वर्ष

१९११ साली कायमगंजला प्लेगने गाठलं. आपल्याकडे १८९६ मध्ये मुंबईत आणि पाठोपाठ पुण्यात आलेला प्लेग पुढे उत्तरेत पसरला, आणि पंजाब व संयुक्त प्रांतात वर्षानुवर्षं घरंच्या घरं रिकामी करत राहिला. त्या लाटेत नाजनीन बेगम गेल्या. झाकिर चौदा वर्षांचा होता.

इथे थोडं थांबू या. आज आपल्या देशात शिक्षण हक्क कायदा आहे. सहा ते चौदा वर्षांपर्यंत मोफत आणि सक्तीचं शिक्षण, म्हणजे साधारण आठवीपर्यंत. त्यापुढे कायद्याचा हात सुटतो. नववीत नाव नसलं तर कोणी विचारायला येत नाही. झाकिरच्या डोक्यावरचं शेवटचं छत्र नेमकं याच वयात गेलं. आमच्या अनुभवात हेच वय सगळ्यात नाजूक. मुलगा असेल तर तो कमावण्याइतका मोठा दिसायला लागतो. मुलगी असेल तर घर सांभाळण्याइतकी. कोणी मुद्दाम शाळा सोडवत नाही. आधी एक दिवस खाडा, मग आठवडा, मग परीक्षा बुडते, आणि मग लाज वाटते म्हणून मूल परत येत नाही.

झाकिरचं असं झालं नाही. १९१३ मध्ये तो इटावाहून मॅट्रिक होऊन अलिगढच्या मोहम्मडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेजात दाखल झाला.

हिंमत होती, पण फक्त हिंमत नव्हती

अशा चरित्रांचा शेवट आपण नेहमी एकाच वाक्याने करतो, की हिंमत असेल तर काहीही अशक्य नाही. मुलांना ऐकायला बरं वाटतं. पण ज्या पोराचा बाप गेल्या महिन्यात गेला आणि ज्याच्या घरात भाड्याची थकबाकी आहे, त्याला हे वाक्य ऐकवणं म्हणजे त्याच्याच माथी दोष मारणं होय. तू शाळा सोडलीस, म्हणजे तुझ्यात हिंमत नव्हती, असाच त्याचा अर्थ निघतो.

म्हणून झाकिरच्या बाबतीत काय काय होतं ते प्रामाणिकपणे मोजलं पाहिजे. पहिली गोष्ट, घरात मिळकत होती. वडिलांनी कमावून ठेवलं होतं, त्यामुळे चौदा वर्षांच्या मुलाला रोजंदारीवर जावं लागलं नाही. दुसरी, वसतिगृह होतं. आई गेली तेव्हा घर कोसळलं, पण त्याची खाट, त्याचं ताट, त्याचा दिनक्रम इटावात तसाच राहिला. तिसरी, मुख्याध्यापक होते, जे त्याला नावाने, स्वभावाने ओळखत होते. चौथी, हसन शाहसारखा नात्यागोत्याबाहेरचा एक मोठा माणूस होता, जो त्याला काम द्यायचा आणि त्याच्यावर भरवसा टाकायचा. पाचवी, आई असेपर्यंत तिने एक गोष्ट पक्की ठेवली की शिक्षण थांबणार नाही, आणि भावाभावांत ती रुजली.

या पाचही गोष्टी असून नुकसान झालं नाही, असंही नाही. क्षयाने त्या घराचा पिच्छा सोडला नाही. सात भावांपैकी काही ऐन तारुण्यात गेले. जे उरले त्यांनी मात्र शिक्षणाचा रस्ता सोडला नाही. युसुफ हुसेन खान नामवंत इतिहासकार आणि उर्दूचे अभ्यासक झाले. सर्वांत धाकटे महमूद हुसेन फाळणीनंतर पाकिस्तानात गेले. तिथे ते शिक्षणमंत्री झाले, ढाका आणि कराची विद्यापीठांचे कुलगुरू झाले. एका विधवेने मुलांना दूरच्या वसतिगृहात पाठवायचा निर्णय घेतला होता, त्याचं फळ असं दोन देशांत पसरलं.

रस्ता सरळ नव्हता

अलिगढलाही सगळं सुरळीत झालं नाही. झाकिरना डॉक्टर व्हायचं होतं. त्यासाठी ते लखनौच्या ख्रिश्चन कॉलेजात विज्ञान शिकायला गेले, पण तब्येतीने दगा दिला. आजारपणात शिक्षण अडलं, डॉक्टर होण्याचं स्वप्न सुटलं. ते अलिगढला परत आले, विषय बदलले आणि १९१८ मध्ये पदवीधर झाले. १९१५ मध्ये शाहजहान बेगम यांच्याशी निकाह झाला होता.

एक वर्ष वाया गेलं म्हणून मुलाला शाळा-कॉलेजातून काढणाऱ्या पालकांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा. विषय बदलला म्हणजे शिक्षण संपलं, असं होत नाही. आजारपण, नापास होणं, एखादं साल बुडणं हे अडथळे आहेत. त्यांना शेवट आपण बनवतो.

१९२० च्या ऑक्टोबरात गांधीजी आणि अली बंधू अलिगढला आले. असहकाराची हाक दिली गेली : सरकारी मदतीवर चालणारी कॉलेजं सोडा. झाकिर तेव्हा एम. ए. करत होते आणि शिकवतही होते. पुढे सुखाची नोकरी दिसत होती. त्यांनी ती सोडली. पण शिक्षण सोडून रस्त्यावर येणं त्यांना मान्य नव्हतं. सरकारी कॉलेज सोडायचं तर आपली स्वतःची शाळा हवी, असा आग्रह धरणाऱ्यांत ते पुढे होते. २९ ऑक्टोबर १९२० रोजी अलिगढमध्येच जामिया मिल्लिया इस्लामियाची स्थापना झाली. हकीम अजमल खान आणि मौलाना मुहम्मद अली यांच्यासारखे बुजुर्ग पाठीशी होते. झाकिर हुसेन यांचं वय होतं तेवीस.

१९२२ मध्ये ते जर्मनीला गेले आणि बर्लिन विद्यापीठातून अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. विषय होता ब्रिटिश हिंदुस्थानातली शेतीव्यवस्था. तिथेच बर्लिनच्या काविआनी छापखान्यातून त्यांनी दीवान-ए-गालिबची एक देखणी छोटी आवृत्ती काढली. तिचे काही खिळे त्यांनी स्वतःच्या हातांनी जुळवले, असं सांगतात. लहानपणी हसन शाहसाठी नकला उतरवणारा हात तोच होता.

मुलांमध्ये बसलेला कुलगुरू

१९२६ मध्ये आबिद हुसेन आणि मोहम्मद मुजीब या दोन दोस्तांबरोबर ते परतले. जामिया तोवर दिल्लीच्या करोल बागेत हलली होती आणि बंद पडण्याच्या बेतात होती. खिलाफत चळवळ ओसरल्यावर पैशाचा ओघ आटला होता. हकीम अजमल खान खिशातून खर्च चालवायचे, पण १९२७ च्या डिसेंबरात तेही गेले. १९२८ मध्ये झाकिरसाहेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वीस वर्षं जामियाची खिदमत करण्याचं आणि महिना दीडशे रुपयांपेक्षा जास्त पगार न घेण्याचं वचन दिलं. तो पगारही कित्येकदा वेळेवर मिळायचा नाही. बर्लिनच्या डॉक्टरेटला बाहेर याच्या कितीतरी पट मोल होतं.

जामियात त्यांचा जीव रमायचा तो प्राथमिक शाळेत. तिथे मुलं स्वतःची बँक चालवायची, दुकान चालवायची, बाग करायची. जर्मनीहून आलेल्या गेर्डा फिलिप्सबोर्न या बाईंनी तिथल्या लहान मुलांसाठी आयुष्य दिलं. मुलं त्यांना आपाजान म्हणत. मुलांच्या बुटांना पॉलिश नसते म्हणून झाकिरसाहेब एक दिवस ब्रश आणि पॉलिश घेऊन फाटकाशी बसले आणि येणाऱ्या मुलांचे बूट स्वतः पुसू लागले, ही हकीकत जामियात आजही सांगितली जाते. १९३५ मध्ये ओखल्याला नव्या इमारतीचा पाया घालायची वेळ आली तेव्हा कुठल्या नवाबाला किंवा नेत्याला बोलावलं गेलं नाही. शाळेतल्या सर्वांत लहान विद्यार्थ्याच्या हातून ती वीट ठेवली गेली.

मुलांसाठी त्यांनी गोष्टी लिहिल्या. अब्बू खाँ की बकरी ही त्यातली सर्वांत प्रसिद्ध. त्या गोष्टी त्यांनी रुकय्या रेहाना या आपल्या मुलीच्या नावाने छापल्या. ही मुलगी लहानपणीच गेली. त्या दिवशी झाकिरसाहेब शाळेच्या कार्यक्रमात मुलांना मिठाई वाटत होते. कुणीतरी येऊन कानात खबर दिली. ते वाटत राहिले. शेवटच्या मुलाच्या हातात मिठाई पडल्यावरच घरी गेले. लोकांनी नंतर विचारलं तेव्हा त्यांचं म्हणणं एवढंच होतं की मुलं इतकी खूश होती, त्यांचा आनंद मोडावासा वाटला नाही. ज्याचं स्वतःचं बालपण मधेच तुटलं होतं, त्या माणसाने दुसऱ्या मुलांचा एक दिवसही तुटू दिला नाही.

वर्ध्याशी नातं

महाराष्ट्रातल्या आपल्या लोकांना झाकिरसाहेब परके नाहीत. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचं मोफत, सक्तीचं शिक्षण, मातृभाषेतून आणि हाताच्या कामाभोवती गुंफलेलं, अशी कल्पना पुढे आली. तिचा अभ्यासक्रम तयार करायला समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष झाले डॉ. झाकिर हुसेन. विनोबा आणि काका कालेलकरही तिचे सदस्य होते. डिसेंबरात अहवाल तयार झाला. हीच वर्धा योजना, म्हणजे नई तालीम. सात ते चौदा या वयातलं प्रत्येक मूल शाळेत असलं पाहिजे, हे त्यात स्पष्ट होतं.

मुलांनी शाळेत केलेल्या वस्तू विकून शाळेचा खर्च निघावा, अशी गांधीजींची इच्छा होती. झाकिरसाहेबांनी बापूंच्या समोरही आपली शंका लपवली नाही, आणि समितीच्या अहवालात इशारा आला : पैसा मिळवणं हा हेतू पुढे गेला तर शिक्षक मुलांकडून कामच काढून घेतील आणि शिक्षण मागे पडेल. हाताचं काम मुलाला शिकवण्यासाठी आहे, मुलाला राबवण्यासाठी नाही. आपल्याकडे काम शिकतोय या नावाखाली बारा-तेरा वर्षांची पोरं गॅरेजात, बेकरीत, लूमवर उभी केली जातात. त्या प्रत्येक ठिकाणी हा फरक भिंतीवर लिहून ठेवावा, असा आहे.

योजनेवर टीका खूप झाली. मुस्लिम लीगने तिला विरोध केला, आपल्या समाजातल्या अनेकांनी झाकिरसाहेबांना बोल लावले. ते शांतपणे काम करत राहिले. १९४६ च्या नोव्हेंबरात जामियाच्या रौप्यमहोत्सवाला त्यांनी नेहरू, मौलाना आझाद आणि जिना यांना एका मंचावर बसवलं. तो मंच आणि तो महिना बघता ही लहान गोष्ट नव्हती. पुढच्याच वर्षी फाळणीच्या दंगलीत जालंधर स्टेशनवर ते स्वतः मरता मरता वाचले. ओळखीच्या भल्या माणसांनी त्यांना वाचवलं. तरी ते इथेच राहिले.

१९४८ ते १९५६ ते अलिगढ मुस्लिम विद्यापीठाचे कुलगुरू होते. फाळणीनंतर ते विद्यापीठ टिकेल की नाही अशी अवस्था होती. मग बिहारचे राज्यपाल, १९६२ मध्ये उपराष्ट्रपती, १९६३ मध्ये भारतरत्न आणि १३ मे १९६७ रोजी राष्ट्रपती. ३ मे १९६९ रोजी पदावर असतानाच त्यांचं निधन झालं. त्यांची कबर राष्ट्रपती भवनाच्या आसपास नाही, जामियाच्या आवारात आहे, मुलांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर.

आमची एक चूक

आता आमच्याबद्दल थोडं. काही वर्षांपूर्वी आमच्या नववीच्या वर्गातल्या एका मुलाचे वडील अपघातात गेले. आम्ही सगळे शिक्षक मय्यतीला गेलो. दुआ केली, खांदा दिला, मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला. मुलगा चाळीस दिवस आला नाही. आम्हाला वाटलं, इद्दतचे दिवस आहेत, येईल. मग घटक चाचणी बुडली. मग हजेरीपुस्तकात त्याच्या नावापुढे लाल रेघ आली.

तीन-चार महिन्यांनी तो आम्हाला एका गॅरेजात दिसला. त्याने सलाम केला आणि ऑइलने काळे झालेले हात पाठीमागे लपवले. संध्याकाळी आम्ही घरी गेलो. त्याच्या अम्मीने चहा केला, तक्रार काही केली नाही. फक्त एवढं सांगितलं, की तो पहिले काही आठवडे रोज दप्तर भरून ठेवायचा, शाळेतून कुणी बोलवायला येईल असं त्याला वाटायचं.

मय्यतीला आम्ही गेलो होतो. त्यानंतर गेलो नाही. इटावाच्या अल्ताफ हुसेन यांच्यात आणि आमच्यात हाच फरक पडला. तो मुलगा शाळेत परतला नाही. आज तो चांगला मेकॅनिक आहे, हलालची कमाई खातो, त्याबद्दल अल्लाहचे आभार. पण त्याला गणित फार छान यायचं.

आपल्या हातात काय आहे

यतीमांबद्दल आपल्या दीनमध्ये जेवढं सांगितलं आहे तेवढं क्वचितच कशाबद्दल असेल. हुजूर (स.) स्वतः यतीम होते. वालिद जन्माआधीच गेले, वालिदा सहाव्या वर्षी. यतीमाचा माल खाऊ नका, त्याला झिडकारू नका, हे कुराणने पुन्हा पुन्हा बजावलं आहे. आम्हाला वाटतं, यतीमाची शाळा हाही त्याचा मालच आहे. ती त्याच्या हातातून जाऊ देणं म्हणजे त्याच्या मिळकतीचं नुकसान.

रमजानमध्ये आपण जकात काढतो. रेशनचं किट देतो, कपडे देतो, ते चांगलंच आहे. पण किट महिन्यात संपतं आणि नववी-दहावी दोन वर्षांची असते. चार-पाच घरांनी मिळून जकातीचा पात्र असलेला एक यतीम निवडावा आणि तो बारावी होईपर्यंत दरमहा ठरलेली रक्कम त्याच्या घरी पोहोचवावी. रक्कम मोठी नसली तरी चालेल, चुकता कामा नये. गॅरेजवाला जेवढे देतो तेवढे घरात आले तर आई मुलाला कामावर पाठवणार नाही. वर्षातून एकदा दिलेल्या मोठ्या रकमेपेक्षा दर महिन्याला येणारे थोडे पैसे शाळा टिकवतात.

सरकारी मदतही आहे. आई किंवा वडील किंवा दोघंही गमावलेल्या मुलांसाठी महाराष्ट्रात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे, तिचं काम जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयातून चालतं. आपल्या मोहल्ल्यातल्या किती विधवा भगिनींना हे माहीत आहे? कागदपत्रं जमवणं, झेरॉक्स काढणं, कार्यालयात रांगेत उभं राहणं, हे इद्दतीतल्या बाईला जमणार नाही. शिकलेल्या तरुणांनी ते काम अंगावर घ्यावं. जे आधीच शाळेबाहेर गेले आहेत, त्यांना १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं, हेही सांगा. आणि कोणत्याही परिस्थितीत घाईघाईने दाखला काढू नका. दाखला निघाला की परतीची वाट अवघड होते.

मुलींबद्दल वेगळं सांगायला हवं. आई आजारी पडली किंवा गेली की मोठ्या मुलीची शाळा गुपचूप बंद होते, आणि ती शाळेबाहेर गेली हे कुणाला जाणवतही नाही, कारण ती घरातच असते. खाला, फुफी, चाची यांनी आठवड्याचे दोन दिवस धाकट्यांना सांभाळलं, तरी ती मुलगी परीक्षेपर्यंत पोहोचू शकते.

आम्ही शिक्षकांनी त्या मुलानंतर एक नियम केला आहे. ज्या घरी मौत झाली, त्या घरी पंधराव्या दिवशी, महिन्याने आणि शाळा सुरू होताना पुन्हा जायचं. जाऊन उपदेश करायचा नाही. वही द्यायची, झालेला अभ्यास द्यायचा आणि बाक रिकामा ठेवला आहे, एवढं सांगायचं. दर वेळी यश येतंच असं नाही. पण दोन मुली आणि एक मुलगा परत आले आहेत, अलहमदुलिल्लाह.

३ मे रोजी झाकिरसाहेबांची पुण्यतिथी असते. तेव्हा शाळांना सुट्टी असते, त्यामुळे कार्यक्रम होत नाहीत. कार्यक्रमाची गरजही नाही. त्या दिवशी आपापल्या गल्लीत एवढंच बघावं : यंदा कुणाच्या घरातलं छत्र गेलं, त्या घरात शाळेच्या वयाचं कोण आहे, आणि जूनमध्ये ते मूल वर्गात दिसेल का. दिसणार नसेल, तर शाळा सुरू व्हायला अजून महिनाभर असतो. तेवढ्यात एक चक्कर होऊ शकते.